काडेपेटीवरचा उजेड

अंबरनाथमध्ये रिक्षात बसले की 'विम्को नाका' हे नाव कधी ना कधी कानावर पडतेच. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. काडेपेट्यांच्या जागतिक व्यापारावर एके काळी हुकमत गाजविणाऱ्या स्वीडिश उद्योगसमूहाने १९२३ मध्ये ती स्थापन केली आणि त्याच दशकात अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. शके ९८२ चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर ही या गावाची जुनी ओळख. काडेपेटी ही नवी. २००५ मध्ये कंपनीची मालकी आयटीसी समूहाकडे गेली, पण नाक्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

या काडेपेटीकडे आपण कधी नीट पाहिले आहे का? देवघरात, स्वयंपाकघरात, टपरीवर ती रोज हातात येते. डिसेंबर २०२१ मध्ये, तब्बल १४ वर्षांनी, तिची किंमत एक रुपयावरून दोन रुपये झाली तेव्हा त्याची बातमी झाली. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नेमकी हीच वस्तू संगणकावर काढायची आहे. छायाचित्र न चिकटवता, केवळ रेषा आणि रंग यांच्या साह्याने, आणि तीही अशी की पाहणाऱ्याला ती उचलून हलवून पाहावीशी वाटावी. चित्रकलेच्या या प्रकाराला 'वास्तवदर्शी सदिश चित्रण' असे नाव देता येईल. व्यवहारात सारे जण 'व्हेक्टर' असेच म्हणतात.

हा केवळ हौसेचा खेळ नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात फ्लेक्स छापणारे, लग्नपत्रिका करणारे, गाड्यांवर 'रेडियम'ची अक्षरे चिकटविणारे, कपड्यांची लेबले आणि खोक्यांची वेष्टने तयार करणारे असंख्य लहान व्यावसायिक आहेत. संगणकावरचे रेखाटन हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे. समजा, उल्हासनगरातील एका छोट्या उद्योजकाला नव्या उदबत्तीची पेटी बाजारात आणायची आहे. पेटी अजून छापलीच गेलेली नाही, मग तिचे छायाचित्र कसे काढणार? पण दुकानदाराला दाखवायला ती पेटी दिसली तर पाहिजे. जी वस्तू अजून अस्तित्वात नाही, ती खरी वाटेल अशी काढून देणे हे काम येथे उपयोगी पडते. काडेपेटी ज्याला काढता आली, त्याला उदबत्तीची पेटीही काढता येईल.

ठिपके आणि सूत्रे

संगणकावरील चित्रे दोन जातींची असतात. पहिली ठिपक्यांची. मोबाइलने काढलेले छायाचित्र म्हणजे लक्षावधी रंगीत चौकटींची रांगोळी. १२०० ठिपके रुंदीचे छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर सुरेख दिसते. तेच दहा फुटी फलकावर ताणले, तर १२० इंचांत १२०० ठिपके, म्हणजे इंचाला अवघे दहा. प्रत्येक ठिपका अडीच मिलिमीटरची चौकट होऊन बसतो. चौकातल्या फलकाजवळ उभे राहिले की चेहऱ्याच्या जागी चौकोनच चौकोन दिसतात, त्याचे कारण हे.

दुसरी जात सूत्रांची. येथे संगणक ठिपके साठवीत नाही; रेषा कोठे सुरू होते, कोठे संपते, मध्ये कोणत्या बाजूला किती वाकते आणि तिने वेढलेल्या जागेत कोणता रंग आहे, एवढेच साठवितो. चित्र दाखविण्याच्या क्षणी तो या सूत्रांवरून नव्याने आकृती काढतो. त्यामुळे तेच चित्र दोन इंची लेबलावर आणि दहा फुटी फलकावर सारखेच रेखीव उमटते. आपण या क्षणी पडद्यावर वाचत असलेली देवनागरी अक्षरेही याच जातीची आहेत. म्हणूनच ती मोठी केली तरी फाटत नाहीत.

या पद्धतीच्या मुळाशी असलेली वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यांत जन्मली. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि त्यानंतर काही काळाने रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी, गाडीच्या पत्र्याची वळणे अंकांत बांधण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली. नाव पडले ते बेझिए यांचे. या वक्राला चार बिंदू लागतात: दोन टोकांचे आणि दोन वळण देणारे. वळण देणारे बिंदू पतंगाच्या मांज्यासारखे काम करतात. स्वतः रेषेवर नसतात, पण तिला आपल्याकडे ओढतात. चार बिंदूंचे मिळून आठ अंक. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत संगणकावर यंत्रभागांचे आराखडे काढणाऱ्या तंत्रज्ञाला ही भाषा नवी नाही.

साधनांची आता वाण नाही. इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आले, कोरलड्रॉ १९८९ मध्ये. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉचाच वावर मोठा. ज्यांना पैसे मोजणे शक्य नाही त्यांच्यासाठी २००३ पासून इंकस्केप हे मुक्त साधन उपलब्ध आहे. पुढे सांगितलेली रीत या तिन्हींत चालते. बटणांची नावे तेवढी बदलतील.

आधी पाहावे, मग काढावे

काडेपेटी खिडकीजवळच्या मेजावर ठेवा. खिडकी आपल्या डाव्या हाताला असू द्या आणि खोलीतला दिवा बंद करा. पेटीचा आतला खण एक तृतीयांश बाहेर ओढा, म्हणजे काड्यांचे गुल दिसू लागतील. खणाचे तोंड डावीकडे, आपल्या बाजूला वळवा. आता वरचा पृष्ठभाग, खणाचे तोंड आणि काडी घासायची लांब पट्टी अशा तीन बाजू एकाच वेळी दिसतील.

आता दहा मिनिटे काहीही न काढता फक्त पाहा. सारी कला या दहा मिनिटांत आहे. आपले मन सांगते की पेटी लाल आहे. डोळा सांगतो की तिच्यात एकच लाल रंग कोठेही नाही. खिडकीकडची कड जवळजवळ नारिंगी आहे, पलीकडचा कोपरा विटकरी आहे, आणि मेजाला टेकलेल्या बाजूवर मेजाचा रंग खालून उजळून आला आहे. मन सांगते की पेटी काटकोनी आहे. डोळा सांगतो की दूर जाणाऱ्या कडा किंचित जवळ येत आहेत. नवशिक्याचे चित्र खोटे दिसते, कारण तो मनाचे ऐकतो. पेटी काढायची नाही, पेटीवर पडलेला उजेड काढायचा आहे, एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

त्याच जागेवरून एक छायाचित्र काढून ठेवावे. उजेड तासाभरात बदलतो; छायाचित्र आठवणीला आधार देते. मात्र त्यातील रंग यंत्राने उचलून तसेच भरण्याचा मोह टाळावा. कॅमेरा सावल्या गडद करतो आणि उजळ भाग पांढरे करून टाकतो. तुलना डोळ्याने दिसणाऱ्या वस्तूशीच करावी.

सांगाडा

पहिल्या टप्प्यावर रंग विसरून जावे. पेन या साधनाने पेटीच्या वरच्या पृष्ठाचा चौकोन काढा, मग पट्टीची बाजू, मग बाहेर आलेला खण. दूर जाणाऱ्या कडा अगदी थोड्या एकत्र येऊ द्या. वस्तू लहान असल्याने हे एकत्र येणे फार झाले, तर काडेपेटी एखाद्या इमारतीसारखी भासू लागते.

प्रत्येक आकार स्वतंत्र थरावर ठेवावा आणि थरांना नावे द्यावीत: मेज, सावली, खण, काड्या, बाहेरची पेटी, पट्टी, लेबल. सर्वांत मागचे सर्वांत खाली, ही शिस्त पाळली की पुढचा गोंधळ टळतो. बिंदूंच्या बाबतीत कंजूषपणा करावा. जेथे रेषा दिशा बदलते तेथेच बिंदू द्यावा. जेथे तीन पुरतात तेथे दहा दिले, तर वक्र खडबडीत होतो आणि दुरुस्ती करताना जीव मेटाकुटीस येतो.

आणखी एक पथ्य आहे. काळी बाह्यरेषा काढू नये. खऱ्या पेटीभोवती रेषा नसते. एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो, एवढेच असते. सांगाड्याच्या रेषा रंग भरताच काढून टाकाव्यात.

तीन बाजू, तीन लाल

आता मूळ रंग. संगणकावर लाल, हिरवा आणि निळा यांची मात्रा ० ते २५५ या अंकांत देतात. वरच्या पृष्ठासाठी १९६, ४८, ३८ अशी मात्रा घेऊन पाहावी. उजवीकडच्या, सावलीत असलेल्या लांब बाजूच्या कडांसाठी १२०, २८, ३०. लक्षात घ्या, लाल जितका उतरला तितका निळा उतरलेला नाही. सावलीत रंग नुसता काळवंडत नाही, तो थोडा थंडही होतो. खणाचा पुठ्ठा करडा-पिवळसर असतो. त्याचे तोंड खिडकीकडे असल्याने ते बरेच उजळ राहील.

यानंतर छटा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रंग हळूहळू बदलत नेण्याच्या सोयीला ग्रेडियंट म्हणतात. वरच्या पृष्ठावर खिडकीकडून पलीकडे जाणारी मंद छटा द्यावी. फरक इतका अल्प असावा की छटा आहे हे कळू नये, पण काढून टाकली तर चुकल्यासारखे वाटावे. नवशिके येथे हात सैल सोडतात आणि पेटी पत्र्याची दिसू लागते. धातूवर छटा झपाट्याने पालटते, कागदावर रेंगाळते. वस्तू कशाची आहे हे रंगाइतकेच रंग पालटण्याच्या वेगावरून कळते.

पृष्ठभाग गोलाकार असेल, उदाहरणार्थ स्टीलचा पेला किंवा बदलापूरचे टपोरे जांभूळ, तर सरळ छटा अपुरी पडते. त्यासाठी आकारावर जाळी पसरून तिच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देण्याची सोय असते. इलस्ट्रेटरमध्ये ती १९९८ मध्ये आली आणि तिच्यामुळे छायाचित्राला मागे टाकणारी सदिश चित्रे निघू लागली. आपली पेटी सपाट पृष्ठांची असल्याने जाळीवाचून भागते. शिकण्यासाठी ती निवडली, त्याचे हे एक कारण.

दगडावरचे थर

रंगांचे सपाट आकार एकावर एक रचून जिवंत चित्र उभे करण्याची ही रीत संगणकाने शोधलेली नाही. अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग कर्जतला पोहोचतो, घाट चढून लोणावळ्याला जातो आणि पुढे मळवलीला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी या मळवलीला हलला. तेथे देवदेवतांची जी रंगीत चित्रे छापली जात, त्यांच्यातील प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कसबी कारागीर मूळ तैलचित्र पाहून मनात त्याचे थर वेगळे करी: या दगडावर फक्त पिवळा, त्यावर फिका गुलाबी, मग लाल, मग सावलीचा तपकिरी. एकाच कागदावर हे दगड एकामागून एक उमटले की लक्ष्मीच्या गालावर तेज येई.

आपण थरांना नावे देऊन जे करतो ते हेच काम आहे. योगायोग असा, की रविवर्म्यांची चित्रे पुढे परदेशांतून येणाऱ्या काडेपेट्यांच्या लेबलांवरही झळकली. देवघरातले चित्र आणि दिवा लावणारी पेटी यांचे नाते इतके जुने आहे.

खरखर आणि गुल

आता पट्टी. येथे थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. सुरक्षित काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि पेटीच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस व काचेची बारीक पूड असते. एकटी काडी सहजी पेटत नाही. दोघांची गाठ पडली की ठिणगी उडते. चित्रकाराला याचा उपयोग काय? पट्टी तपकिरी दिसते ती तांबड्या फॉस्फरसामुळे, आणि खिडकीकडे तिरके धरल्यास तिच्यावर जी कणकण चमक दिसते ती खरखरीत कणांमुळे. काय काढायचे हे कळण्यासाठी ते तसे का आहे हे ठाऊक असावे लागते.

पट्टीसाठी आधी गडद तपकिरी सपाट आकार भरावा. मग सहा-सात बारीक, वेडेवाकडे ठिपके काढून ते शिंपडण्याच्या साधनाने पट्टीभर विखरावेत. प्रत्येकाचा कोन आणि आकार थोडा वेगळा असू द्यावा. काही ठिपके गडद, काही फिके, अगदी मोजके जवळजवळ पांढरे. शेवटी काड्या घासल्याच्या दोन-तीन फिकट ओरखड्यांच्या रेघा तिरप्या ओढाव्यात. या ओरखड्यांनी पेटी दुकानातली न राहता घरातली होते.

काड्यांची गंमत वेगळी. प्रत्येक काडी चौकोनी काटछेदाची, म्हणून तिला दोन बाजू दिसतात: एक उजळ, एक गडद. त्यावर लाकडाच्या रेषांचे तीन बारीक पट्टे. गुलासाठी लंबगोल, त्यावर चमकेचा लहानसा ठिपका, आणि शेजारच्या काडीवर पडणारी त्याची सावली. एका काडीला असे आठ आकार झाले. बारा काड्या दिसत असतील तर ९६. येथे एक काडी काढून तिच्या अकरा नकला करण्याचा मोह होतो. तसे करू नये. मानवी डोळा पुनरुक्ती चटकन पकडतो आणि एकदा पकडली की साऱ्या चित्रावरचा त्याचा विश्वास उडतो. तीन काड्या मनापासून काढाव्यात. बाकीच्या त्यांच्यावरूनच घ्याव्यात, पण प्रत्येकीचा कल, लांबी आणि गुलाचा आकार बदलावा. एखादी आडवी पडलेली, एखादीचा गुल थोडा तुटलेला, असे वैगुण्य मुद्दाम ठेवावे.

काड्या जेथे बाहेरच्या पेटीखाली शिरतात, तेथे पेटीच्या तोंडाची सावली त्यांच्यावर पडते. काड्यांवर एक गडद आकार ठेवून त्याची छटा बाहेरच्या दिशेने विरवत न्यावी. ही एक सावली घातली की काड्या पेटीच्या आत आहेत हे पटते. नाही तर त्या पेटीवर चिकटविल्यासारख्या दिसतात.

केसाएवढी कड आणि सावली

एवढे झाल्यावर चित्र 'चांगले' दिसते, पण 'खरे' दिसत नाही. उणीव असते ती कडांची. पुठ्ठा जेथे घडी पडून वळतो तेथे वरचा रंग तडकतो आणि आतला पांढरा कागद केसाएवढ्या रेघेत डोकावतो. पेटीच्या तोंडाशीही पुठ्ठ्याची जाडी करड्या रेघेसारखी दिसते. या रेघा एकसारख्या जाडीच्या ओढू नयेत. मध्ये जरा रुंद, टोकांना निमुळत्या आणि मधूनच तुटलेल्या अशा अरुंद आकारांनी त्या कराव्यात. चित्र या शेवटच्या दहा-बारा रेघांनी जिवंत होते, असा अनुभव येतो.

सावलीचे दोन भाग करावेत. पेटी जेथे मेजाला टेकते तेथे एक अरुंद, गडद, स्पष्ट सावली असते. तिला संपर्काची सावली म्हणू. दुसरी उजवीकडे पसरणारी, फिकी होत जाणारी, कडेला धूसर. खिडकीचा उजेड रुंद असल्याने सावली पेटीपासून जितकी दूर जाते तितकी तिची कड विरते. संपर्काची सावली विसरली तर पेटी हवेत तरंगते. दोन्ही सावल्यांत निव्वळ काळा भरू नये. मेजाचाच रंग गडद आणि थोडा थंड करून भरावा.

व्यवसायाच्या दृष्टीने येथे एक सावधगिरी हवी. सावली धूसर करण्याची सोय देखणी असली, तरी छपाईसाठी फाइल काढताना तो भाग बहुधा ठिपक्यांत रूपांतरित होतो. म्हणून शेवटच्या मापाचा अंदाज घेऊन त्याची सूक्ष्मता ठरवावी. 'रेडियम' कापणाऱ्या यंत्राला तर छटा आणि धूसरता कळतच नाही. त्याला फक्त कड लागते. त्याच्यासाठी सपाट रंगांची वेगळी प्रत ठेवावी. पडद्यावरचा भडक लाल ऑफसेटच्या चार शाईंत उतरताना मंदावतो, हेही ग्राहकाला आधीच सांगावे. नंतरच्या भांडणापेक्षा आधीचे एक वाक्य स्वस्त पडते.

लेबल कोणाचे?

पेटीवर लेबल कोणते काढावे, हा प्रश्न चित्रकलेचा नाही, सचोटीचा आहे. सराव म्हणून बाजारातल्या पेटीचे लेबल पाहून काढण्याने हात तयार होतो. पण दुसऱ्याचे बोधचिन्ह उतरवून ते विकणे किंवा स्वतःच्या मालावर छापणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. व्यापारचिन्हांना १९९९ च्या कायद्याचे आणि चित्रांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. 'हुबेहूब तसेच करून द्या' असे म्हणणारे गिऱ्हाईक दुकानात येते आणि नाही म्हटले तर शेजारच्या दुकानात जाते. ही अडचण खरी आहे. पण जो कारागीर नवे लेबल रचून ते खऱ्या पेटीवर असल्यासारखे दाखवू शकतो, त्याला उतरवून देण्याची गरज उरत नाही. कौशल्य हीच येथे सचोटीची राखण करते.

म्हणून लेबल आपले असावे. बदलापूरच्या जांभळांचा एक घोस, दोन पाने, खाली ठळक अक्षरांत नाव, रंग दोनच. ते आधी सपाट, समोरून पाहिल्यासारखे काढावे आणि मग चारही कोपरे धरून वरच्या पृष्ठाच्या कलात बसवावे. वरून पृष्ठाची उजेडाची छटा पारदर्शक करून फिरवावी, म्हणजे छापील शाई आणि कागद एकाच उजेडात असल्यासारखे दिसतील. शाई काठाशी एखाद्या केसाएवढी सरकलेली दाखविली, तर स्वस्त छपाईची ती ओळखीची खूण पेटीला अस्सल करते.

यंत्र काढते, मग आपण का काढायचे?

आज कोणी विचारील, की एक वाक्य लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात काडेपेटीचे चित्र देते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि या पट्ट्यातील शेकडो तरुणांच्या रोजगाराशी तो जोडलेला आहे. अशी साधने बहुतेक वेळा ठिपक्यांचेच चित्र देतात. काही आता सदिश आकारही देऊ लागली आहेत. छायाचित्रावरून आपोआप आकार काढण्याची सोय तर जुनीच आहे. परंतु तिच्यातून बाहेर पडतात ते अर्थहीन ठिगळांचे ढीग. त्यांतले कोणते ठिगळ काडी आणि कोणते सावली, हे यंत्राने वेगळे ठेवलेले नसते. ग्राहक म्हणाला, 'खण थोडा आत सरकवा, पेटी हिरवी करा आणि नाव मराठीत मोठे घ्या', की तो ढीग निरुपयोगी ठरतो. थर लावून काढलेल्या चित्रात ही तिन्ही कामे काही मिनिटांची असतात.

ही झाली व्यवहाराची बाजू. यंत्रे सुधारत जातील आणि उद्या हाही फरक कदाचित पुसला जाईल. तरीही एक गोष्ट उरेल. यंत्राने दिलेल्या चित्रात सावली उलट्या बाजूला पडली आहे, गुलांची संख्या आणि काड्यांची संख्या जुळत नाही, पट्टी चुकीच्या बाजूला आहे, हे ओळखणारा डोळा कोणाचा? ज्याने एकदा तरी दहा मिनिटे पेटीकडे पाहून तिचे थर वेगळे केले आहेत, त्याचा. मळवलीच्या छापखान्यातील दगड गेले, तशी आजची साधनेही जातील. चित्राचे थर मनात वेगळे करण्याची विद्या मात्र दगडावरून संगणकावर आली, तशी पुढेही जाईल. साधन भाड्याने मिळते. नजर स्वतःची कमवावी लागते.

पहिल्या प्रयत्नाला तीन-चार संध्याकाळी लागतील आणि तरी पेटी पुठ्ठ्याची न वाटता साबणाच्या वडीसारखी वाटेल. त्याने खचू नये. चित्र बंद करून दुसऱ्या दिवशी खऱ्या पेटीशेजारी ठेवून पाहावे आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: येथे मी जे पाहिले ते काढले आहे, की जे मला ठाऊक होते ते? उत्तर मिळेल तेथे एक आकार बदलावा. अशा रीतीने काढलेली काडेपेटी पूर्ण झाली, की एक लहानसा फरक आपल्यातच जाणवेल. सकाळी देवापुढे दिवा लावताना पेटी हातात येईल, खिडकीतून तिच्यावर उजेड पडेल, आणि काडी ओढण्याआधी हात क्षणभर थांबेल.